एसएमपीएस बदलताना वॅटच्या आकड्याआधी १२ व्होल्टचे अँपिअर पाहावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीतील घरी तुम्ही दहावी-बारावीच्या शिकवण्या घेता आणि त्यांचे व्हिडिओही स्वतःच संपादित करता. संगणक २०१९ च्या अखेरीस जुळवून घेतलेला आहे. त्यात कोअर आय५-९४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी आणि दोन हार्ड डिस्क आहेत, तर एसएमपीएस, म्हणजे भिंतीतील वीज घेऊन संगणकाच्या भागांना पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबतच आलेला आहे. पावसाळ्यात एका रात्री वीज दोन-तीन वेळा ये-जा झाली आणि तेव्हापासून साधे काम चालते, परंतु व्हिडिओ संपादन सुरू केले की दहा-पंधरा मिनिटांत संगणक एकदम बंद पडतो. एक दुकानदार ७५० वॅटचा एसएमपीएस घ्या म्हणतो, दुसरा त्याच्या जवळजवळ एक चतुर्थांश किमतीत ‘४५० वॅट’चा देतो आणि मुलाला पुढेमागे आरटीएक्स ४०६० कार्ड बसवायचे आहे. यांतले काय घ्यावे, हे तुम्ही विचारले आहे.

ठाण्यात नौपाडा परिसरात मी गेली बावीस वर्षे संगणक दुरुस्ती करतो. माझे उत्तर असे की दोन्ही घेऊ नयेत. तुमच्या यंत्राला नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला, ५५० वॅटचा आणि १२ व्होल्टच्या वाहिनीवर, म्हणजे १२ व्होल्टची वीज देणाऱ्या मार्गावर, किमान ४० अँपिअर देणारा एसएमपीएस पुरेसा आहे, आणि तो आरटीएक्स ४०६० साठीही पुरेल. हे कसे ठरवले ते मी सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वेळी दुकानात उभे असताना हिशेब तुम्हाला स्वतःला करता यावा अशी माझी इच्छा आहे.

पण खरेदीच्या आधी दोष एसएमपीएसचाच आहे, याची खात्री करून घ्यावी. भार वाढल्यावर संगणक बंद पडण्याचे दुसरे तितकेच सामान्य कारण म्हणजे उष्णता. सहा वर्षांत प्रोसेसरच्या पंख्याखालील पट्ट्यांत धूळ दाटून बसते आणि प्रोसेसरची उष्णता त्या पट्ट्यांकडे नेणारी पेस्ट सुकते. संपादन चालू असताना एखाद्या मोफत प्रोग्रॅमवर प्रोसेसरचे तापमान पाहा. ते शंभर अंशांच्या जवळ जात असेल, तर आधी साफसफाई करून नवी पेस्ट लावा. तापमान सत्तर-ऐंशीच्या आसपास असतानाच संगणक बंद पडत असेल, तर संशय एसएमपीएसवर जातो. आणखी एक खूण अशी की बंद पडल्यानंतर पुढचे बटण दाबून काहीच होत नाही आणि मागचा स्विच बंद करून थोडे थांबल्यावरच संगणक पुन्हा सुरू होतो. याचा अर्थ बहुधा एसएमपीएसच्या आतील संरक्षणाने त्याला बंद केलेले असते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणारी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद अनेक जण पुरावा म्हणून दाखवतात. ती नोंद फक्त एवढेच सांगते की विंडोज नीट बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला. तसे का झाले, याचे कारण त्या नोंदीवरून ठरत नाही.

हातात मल्टिमीटर असेल, तर मोजणी सोपी आहे. चार पिनांच्या मोकळ्या मोलेक्स कनेक्टरमध्ये पिवळी आणि काळी यांच्यामध्ये १२ व्होल्ट, तर लाल आणि काळी यांच्यामध्ये ५ व्होल्ट असतात. एटीएक्स या संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या मानकात पाच टक्क्यांची सवलत आहे, म्हणजे १२ व्होल्टची वाहिनी ११.४० ते १२.६० आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. मोजणी भार असताना, म्हणजे संपादन चालू असतानाच करावी. हिरवी वायर काळ्या वायरला जोडून एसएमपीएस सुटा सुरू करून पाहण्याची जी पद्धत आहे, तिच्यातून पंखा फिरतो एवढेच कळते. भाराखाली तो टिकतो की नाही, हे कळत नाही. सर्वांत खात्रीची कसोटी म्हणजे ओळखीच्या कोणाचा तरी चांगला एसएमपीएस तासभर लावून तेच काम करून पाहणे. ग्राफिक्स कार्ड काढून भार कमी करून पाहण्याचा उपाय तुमच्या यंत्रावर फारसा उपयोगी नाही, कारण नावाच्या शेवटी एफ असलेल्या या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते आणि कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका. एसएमपीएसचे झाकण उघडू नका. आपल्याकडील २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश केला की सुमारे ३२५ व्होल्ट होतात, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट, असलेल्या एसएमपीएसमध्ये वीज साठवणाऱ्या मुख्य कॅपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट असतात. प्लग काढल्यानंतरही हा विद्युतभार काही काळ तिथे साठून राहू शकतो.

आता हिशेबाकडे येऊ. तुमच्या प्रोसेसरचा घोषित आकडा ६५ वॅट आहे, पण संपादनात तो काही काळ त्याहून वर जातो. मदरबोर्डवरील व्होल्टेज उतरवणाऱ्या भागाची तूट धरून त्याच्यासाठी १०० वॅट धरावेत. जीटीएक्स १६६० सुपर १२५ वॅट घेते. दोन हार्ड डिस्कच्या मोटर आणि पंखे यांचे मिळून ३० वॅट धरू. ही सगळी मागणी १२ व्होल्टवर आहे. बेरीज २५५ वॅट होते, तिला १२ ने भागले की साधारण २१ अँपिअर येतात. रॅम, एसएसडी, यूएसबी यांचे पंचवीस-तीस वॅट इतर वाहिन्यांवर जातात. म्हणजे तुमच्या संगणकाची पूर्ण भाराची गरज तीनशे वॅटच्या आतच आहे, पण त्यातील जवळजवळ सर्व वीज एकाच वाहिनीतून यावी लागते.

नेमके इथेच स्वस्त एसएमपीएस कमी पडतो. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स मानक आणले, तेव्हा संगणकाची बहुतेक वीज ५ आणि ३.३ व्होल्टवर खर्च होत असे. २००० च्या सुमारास पेंटियम ४ सोबत प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची चार पिनांची वेगळी केबल आली आणि तेव्हापासून भार हळूहळू १२ व्होल्टवर सरकला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तिथूनच जेवतात. तरीही बाजारात अजून असे एसएमपीएस मिळतात, ज्यांची आतील रचना जुन्या काळाची आहे आणि बाहेरचे स्टिकर तेवढे नवे आहे. दुसऱ्या दुकानदाराने दाखवलेल्या डब्याच्या बाजूचे कोष्टक वाचा. त्यावर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिलेले असेल, तर तो एसएमपीएस १२ व्होल्टवर फक्त १९२ वॅट देऊ शकतो, मग वर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेले असो वा ५५०. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले असतात किंवा ते कुठेच नसतात. तुमची गरज २१ अँपिअरची आहे. असा एसएमपीएस पहिल्याच आठवड्यात बंद पडेल असे नाही. तो काही महिने कसाबसा ओढेल, तापेल, व्होल्टेज खाली-वर करील आणि जाताना कदाचित हार्ड डिस्क सोबत घेऊन जाईल. माझा अंदाज असा आहे की कॅबिनेटसोबत आलेला तुमचा आत्ताचा एसएमपीएस याच जातीचा आहे आणि त्या रात्रीच्या ये-जा करणाऱ्या विजेने त्याची उरलीसुरली ताकद काढून घेतली. त्याचेही कोष्टक वाचून पाहा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे साधारण ४२ ते ४५ अँपिअर लिहिलेले आढळतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण क्षमता तिथेच उपलब्ध असते.

पहिल्या दुकानदाराने सुचवलेल्या ७५० वॅटने तुमच्या संगणकाचे नुकसान होणार नाही. मोठा एसएमपीएस घेतला म्हणून वीजबिल त्या प्रमाणात वाढत नाही, कारण संगणक जेवढे मागतो तेवढेच तो देतो. प्रश्न पैसे कुठे घालावेत हा आहे. आरटीएक्स ४०६० चा घोषित खप ११५ वॅट आहे, म्हणजे तुमच्या आत्ताच्या कार्डापेक्षाही कमी, आणि एनव्हिडिया स्वतः त्यासाठी ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस करते. ही शिफारस बाजारातील कमी दर्जाचे एसएमपीएस गृहीत धरून मुद्दाम सैल ठेवलेली असते. त्यामुळे ७५० वॅटच्या साध्या एसएमपीएसवर जे पैसे जातील, त्यांत ५५० वॅटचा उत्तम दर्जाचा मिळत असेल तर मी डोळे झाकून ५५० वॅटचाच घेईन. मुलाचा विचार बदलला आणि आरटीएक्स ४०७० घ्यायचे ठरले, तर त्या कार्डाचा खप २०० वॅट आणि शिफारस ६५० वॅटची आहे. अशी शक्यता खरोखर असेल, तर आत्ताच ६५० वॅटचा घ्या आणि तो एटीएक्स ३.१ मानकाचा असल्याचे पाहा. अलीकडची मोठी कार्डे क्षणार्धासाठी घोषित खपाच्या दोन-तीन पटींपर्यंत वीज ओढू शकतात. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० पासून असे क्षणिक झटके सोसण्याची अट मानकातच घातलेली आहे.

८० प्लस या प्रमाणपत्राबद्दल बराच गैरसमज आहे. ते कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र आहे, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती संगणकाला मिळते आणि किती उष्णतेत जाते एवढेच ते सांगते. टिकाऊपणा आणि आतील संरक्षण यांची तपासणी त्यात नसते. तरीही मी ब्राँझच्या खाली जाऊ नका असे सांगतो, कारण ती पातळी गाठण्यासाठी उत्पादकाला आतील रचना बरी ठेवावीच लागते. ब्राँझऐवजी गोल्ड घेतल्याने किती वीज वाचते, तेही मोजून पाहू. संगणक सरासरी १५० वॅट घेत असेल, ब्राँझची कार्यक्षमता ८५ टक्के आणि गोल्डची ९० टक्के धरली, तर भिंतीतून अनुक्रमे १७६ आणि १६७ वॅट घेतले जातात. दिवसाला आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस वापर धरल्यास वर्षाकाठी सुमारे २४ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी ही बचत वर्षाला अडीचशे रुपयांच्या आतच राहते. म्हणून गोल्ड घ्यायचा तो वीज वाचवण्यासाठी घेऊ नये. तो आतून कमी तापतो आणि त्यावर बहुधा अधिक वर्षांची हमी मिळते, ही कारणे खरी आहेत.

उष्णतेचा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. एसएमपीएसचे आयुष्य त्यातील इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरवर अवलंबून असते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचे कॅपॅसिटर असलेला एसएमपीएस घ्यावा असे म्हणतात ते यासाठीच. ऐरोली खाडीच्या काठावर आहे. तिथली दमट, खारी हवा आणि धूळ एकत्र आली की सर्किटवर ओलसर थर बसतो. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे काम सुरू झाल्यापासून तिकडून माझ्याकडे येणाऱ्या संगणकांत मी हे सतत पाहतो आहे. त्यात अनेक घरांत कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले असते. तुमचेही तसे असेल, तर कप्प्याची मागची फळी काढून टाका. त्यासाठी एक रुपयाही खर्च नाही आणि मे महिन्यात त्याचा फरक हाताला जाणवतो.

विजेच्या जोडणीबद्दल दोन गोष्टी सांगतो. पहिली अर्थिंगची. बहुतेक एसएमपीएसच्या प्रवेशाशी गोंगाट गाळणारे लहान कॅपॅसिटर असतात आणि ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल, तर पत्र्यावर अंदाजे ११५ व्होल्ट येऊन राहतात आणि हात लावला की झिणझिण्या येतात. नवा एसएमपीएस बसवल्यावर असे झाले की लोक तो सदोष समजून परत आणतात. प्रत्यक्षात दोष घरातील जोडणीचा असतो. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्या. ते २३० च्या आसपास आले पाहिजे, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे, दोन-चार व्होल्टच असावेत. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात घालण्यासाठी अडॅप्टर वापरत असाल, तर तो आजच काढा.

दुसरी गोष्ट यूपीएसची. पावसाळ्यात वीज जशी ये-जा करते, तशा वेळी संगणकाला यूपीएस हवाच. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावरही साधारण १६ मिलिसेकंद व्होल्टेज टिकवून धरतो आणि घरगुती यूपीएस बहुतेकदा १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो, म्हणून काम अखंड चालते. स्वस्त एसएमपीएसमध्ये मुख्य कॅपॅसिटर लहान घातलेला असतो, त्यामुळे यूपीएस असूनही संगणक बंद पडतो आणि दोष यूपीएसला दिला जातो. सहाशे व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. मॉनिटर धरून तुमची पूर्ण भाराची मागणी भिंतीपाशी ३४० ते ३५० वॅटपर्यंत जाऊ शकते, म्हणून तो अगदी काठावर येईल. एक केव्हीएचा, म्हणजे हजार व्हीएचा, ६०० वॅट देणारा घ्या. प्रश्नपत्रिका छापण्यासाठी लेझर प्रिंटर असेल, तर तो यूपीएसवर कधीही जोडू नका.

केबलबद्दल लिहिताना मला माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती कोणाकडूनही होऊ शकते. काही एसएमपीएस मॉड्युलर असतात, म्हणजे त्यांच्या केबल दोन्ही टोकांना सुट्या होतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका ग्राहकाचा एसएमपीएस बदलताना, जुन्या केबल कॅबिनेटमध्ये नीट बांधलेल्या होत्या म्हणून मी त्याच ठेवल्या आणि फक्त डबा बदलला. कनेक्टर व्यवस्थित बसले. पण दोन्ही कंपन्यांची डब्याकडच्या टोकाची पिनांची मांडणी वेगळी होती. पाच व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले आणि दोन्ही हार्ड डिस्क त्याच क्षणी जळाल्या. त्यांत त्यांच्या मुलीच्या लहानपणापासूनचे फोटो होते. डिस्कचे पैसे मी भरून दिले, फोटो परत देऊ शकलो नाही. संगणकाकडच्या टोकाला मानक आहे, डब्याकडच्या टोकाला नाही. म्हणून नव्या एसएमपीएससोबत नव्याच केबल वापरायच्या, जुनी एकही ठेवायची नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही मांडणी वेगळी असू शकते.

तुमच्या मदरबोर्डला २४ पिनांची मुख्य केबल आणि प्रोसेसरसाठी ४ किंवा ८ पिनांची केबल लागेल, ग्राफिक्स कार्डला बहुधा ८ पिनांची एक, आणि तीन डिस्कसाठी साटा कनेक्टर लागतील. प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डची ८ पिनांची केबल सारखी दिसते, पण त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट असतात. कनेक्टरवर लिहिलेले वाचून लावा आणि जोर लावावा लागत असेल तर थांबा. मोलेक्सवरून साटा करणारे साच्यात ओतलेले अडॅप्टर आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतात, त्यामुळे साटा कनेक्टर पुरेसे असलेलाच एसएमपीएस निवडा. आकाराची अडचण तुम्हाला येऊ नये. साध्या कॅबिनेटमध्ये १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असा एटीएक्स एसएमपीएस बसतो, फक्त लांबी १४० पासून पुढे बदलते, तेवढी मोजून घ्या. डेल, एचपी किंवा लेनोव्हो यांचे तयार संगणक असते तर गोष्ट वेगळी होती, कारण त्यांच्या अनेक मॉडेलांत कनेक्टर आणि आकार दोन्ही त्यांचे स्वतःचे असतात.

खरेदी ठाण्यात करा, वाशीत करा किंवा लॅमिंग्टन रोडवर जा, दुकानापेक्षा बिल महत्त्वाचे आहे. जीएसटी बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या, हमी किमान पाच वर्षांची असू द्या आणि ती कोणत्या सेवा केंद्रात मिळेल ते दुकानातच विचारा. लेबलवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल, तर तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तिथल्या तिथे तपासता येतो. वापरलेला एसएमपीएस कितीही नावाजलेल्या कंपनीचा असला तरी घेऊ नका. त्याचे कॅपॅसिटर किती तापले आहेत, हे बाहेरून कोणालाही दिसत नाही.

काम सुरू करण्याआधी शिकवणीचे सर्व व्हिडिओ एखाद्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. आत्ताचा एसएमपीएस भाराखाली डगमगत असेल, तर तो डिस्कना रोज इजा करतो आहे, म्हणून हे नवा एसएमपीएस आणण्याचीही वाट न पाहता करा. नवा बसवल्यावर पहिल्याच संध्याकाळी अर्धा तास संपादन चालवून १२ व्होल्टची वाहिनी मोजा आणि आकडा तारखेसह कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. जुना डबा भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. एवढे करूनही संगणक तसाच बंद पडला, तर दोष मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी असलेल्या वीजपुरवठ्याच्या भागात शोधावा लागेल. त्या वेळी कॅबिनेट माझ्याकडे घेऊन या आणि सोबत जुना एसएमपीएसही आणा, म्हणजे दोन्ही एकाच भारावर शेजारी ठेवून तपासता येतील.